चार एकेचाळीसचा मेल

सोमवारी सकाळी अकरा वाजता बदल्यांची तात्पुरती यादी लागली आणि तिच्यात भास्कर मेहेंदळे यांचं नाव नव्हतं. यादी सात पानांची होती. भास्कररावांनी ती आधी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. आडनावाऐवजी नावाने लावली असेल म्हणून 'भ' पाहिला. शेवटी 'मेहंदीलाल' असं कुठे आहे का तेही पाहिलं, कारण लखनौत अकरा वर्षं काढल्यावर निम्मं शहर त्यांना त्याच नावाने ओळखत होतं. मेहंदीलालही नव्हते.

एका सरकारी महामंडळाच्या लखनौ कार्यालयात भास्करराव उपव्यवस्थापक होते. त्यांनी सांगलीला विनंती बदली मागितली होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली की विनंती बदलीचा हक्क जातो असा नियम होता, आणि त्यांना सव्वादोन वर्षं राहिली होती. म्हणजे ही यादी गेली की सगळंच गेलं. सांगलीला त्यांचे सासरे, अण्णा, चौऱ्याऐंशी वर्षांचे, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. दिवाळीपासून त्यांनी दोनदा गॅस उघडा ठेवला होता. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं. लखनौला यायला ते तयार नव्हते. तिकडे थंडी फार असते, असं ते मे महिन्यातही म्हणत. तेव्हापासून भास्कररावांच्या पत्नी प्रतिमाताई लखनौतल्या विकासनगरच्या घरातून दिवसातून तीन वेळा सांगलीला फोन करून एकच प्रश्न विचारत: "अण्णा, बटण बंद केलंत का?"

भास्कररावांनी दिल्लीच्या बदली कक्षाला फोन लावला. तिथल्या प्रमुख विभा सक्सेना यांचा आवाज इतका गोड होता की त्या नाही म्हणत आहेत हे कळायला माणसाला थोडा वेळ लागे.

"भास्कर जी, हमारे पास तो आपका कोई मेल नहीं है."

"मॅडम, मैंने भेजा है. सत्ताईस फ़रवरी को. आख़िरी तारीख़ वही थी."

"ज़रूर भेजा होगा आपने. बस, आया नहीं."

'भेजा' आणि 'आया' या दोन शब्दांमध्ये किती मोठी जागा असते हे भास्कररावांना त्या दिवशी प्रथम कळलं. हरकत घ्यायची असेल तर पुराव्यासह गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत घ्यावी, असं मॅडमनी सांगितलं आणि अत्यंत आदराने फोन ठेवला.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती भास्कररावांना कितीही टोचली तरी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी असाच अर्ज पाठवल्याचं घरी सांगितलं होतं, आणि पाठवला नव्हता. म्हणजे लिहिला होता, फक्त उद्या एकदा वाचून पाठवू म्हणून ठेवला होता, आणि तो उद्या उजाडला तेव्हा मुदत संपलेली होती. आठ दिवसांत हे उघडकीला आलं. प्रतिमाताई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्या विषयावर बोलणं मात्र बंद झालं, आणि घरात न बोलली जाणारी गोष्ट रोज जेवणाच्या टेबलावर येऊन बसते.

यंदा त्यांनी अर्ज खरोखर पाठवला होता. आणि हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता: ते स्वतः.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा बातमी आधीच पोचली होती. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर यादीतल्या दोघांचं अभिनंदन झालं होतं. प्रतिमाताई पोळ्या लाटत होत्या.

"पाठवला होतात ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"पाठवला होता."

"मग दाखवा."

"ऑफिसचा मेल ऑफिसातल्या माझ्याच कॉम्प्युटरवर उघडतो. सुरक्षेसाठी तसं केलंय."

"अच्छा," प्रतिमाताई म्हणाल्या.

अकरा वर्षांत त्यांच्या अच्छाला लखनवी धार आली होती. त्या एका शब्दावर पोळी शेकता आली असती.

तेवढ्यात शेजारचे रस्तोगीजी आले. ते निवृत्त पोस्टमास्तर. ई-मेल या प्रकाराने त्यांच्या खात्याचा आणि काही अंशी त्यांचाही अपमान केला आहे, असं त्यांचं मत होतं. सगळं ऐकून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मेहंदले साहब, रजिस्ट्री की होती तो आज रसीद होती. रसीद पे मोहर होती. मोहर पे तारीख़ होती. अब आप क्या दिखाएँगे? हवा?"

"सेंटमध्ये आहे ना तो मेल," भास्करराव म्हणाले. आवाज जरा चढलाच.

"सेंट तो इत्र को भी कहते हैं," रस्तोगीजी खिन्नपणे म्हणाले आणि चहा प्यायले.

मंगळवारी भास्करराव साडेनऊलाच ऑफिसात हजर. पिशवी खांद्यावरच ठेवून त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. उघडला. सेंटमध्ये मेल होता: सत्तावीस फेब्रुवारी, दुपारचे चार एकेचाळीस. पत्ता बरोबर, अर्ज जोडलेला. त्यांना एकदम इतकं बरं वाटलं की त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून आधी घरी पाठवला आणि मग दिल्लीला.

घरून उत्तर आलं नाही. दिल्लीहून आलं. असा फोटो कोणीही कॉम्प्युटरवर बनवू शकतो, सबब तो ग्राह्य नाही. मूळ मेल पुढे पाठवला तर तो आजच्या तारखेचा समजला जाईल. छापील प्रत चालेल, पण ती वर्ग एकच्या अधिकाऱ्याने मूळ प्रतीशी ताडून साक्षांकित केलेली हवी.

वर्ग एकचे अधिकारी चौथ्या मजल्यावर बसत. त्यांनी छापील प्रत उलटीसुलटी पाहिली आणि हात पुढे केला. "ओरिजिनल?"

"सर, ओरिजिनल कॉम्प्युटर में है."

"तो लाइए."

"सर, आप नीचे आ जाते तो..."

अधिकाऱ्यांनी आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. गुडघ्याचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं होतं आणि लिफ्ट त्याच्याही आधीपासून बंद होती. मग भास्करराव आणि दोन शिपाई यांनी दुसऱ्या मजल्यावरून कॉम्प्युटर उचलला. पडदा भास्कररावांनी छातीशी धरला होता, खोका एका शिपायाकडे, आणि दुसऱ्याच्या हातात कीबोर्ड, तोही दोन्ही हातांत. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "क्या हुआ?" आणि शिपाई सांगायचे, "साहब का मेल दिखाने ले जा रहे हैं." तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्या कार्यालयाला कळलं होतं की मेहंदीलालजींनी काहीतरी मेल केला आहे आणि प्रकरण वरपर्यंत गेलं आहे.

चौथ्या मजल्यावर सगळं जोडल्यावर लक्षात आलं की नेटवर्कची तार दीड हात कमी पडते. तारेशिवाय मेल उघडत नव्हता. साहेबांनी बंद पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग प्रतीवर लिहिलं: 'मशीन देखी. मेल नहीं देखा.' खाली सही केली, शिक्काही मारला. आयुष्यात इतका खरा आणि इतका निरुपयोगी कागद भास्कररावांनी पाहिला नव्हता.

"हलफ़नामा बनवाइए," रस्तोगीजींनी संध्याकाळी फर्मान काढलं. "नोटरी के सामने क़सम खाइए. क़सम के आगे दिल्ली भी झुकती है."

बुधवारी भर उन्हात भास्करराव, रस्तोगीजी आणि प्रतिमाताई कैसरबागेतल्या कोर्टाच्या आवारात गेले. प्रतिमाताईंना नेलं कारण साक्षीदार हवा होता. भास्कररावांना आठवलं होतं की मेल पाठवण्याच्या अगदी आधी प्रतिमाताईंचा फोन आला होता. दुसरा कोणी साक्षीदार जगात नव्हता.

कडुनिंबाखाली, टेबलावर टंकलेखन यंत्र ठेवून बसलेल्या माणसाने मजकूर ठोकायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत 'मैं, मेहंदीलाल' आलं. कागद बदलला. मग 'मैंने ईमेल भेजी' की 'भेजा' यावर तो आणि रस्तोगीजी यांचा वाद झाला. वीस मिनिटं. लखनौत भाषेचा प्रश्न निघाला की घड्याळ थांबतं. भास्कररावांचं थांबलेलं नव्हतं.

शेवटी नोटरीने चष्म्यावरून प्रतिमाताईंकडे पाहिलं. "बहन जी, आप शपथ लेती हैं कि आपके पति ने मेल आपकी जानकारी में भेजा?"

प्रतिमाताईंनी नुसता पदर सारखा केला. भास्कररावांना मानेवरून घामाचा ओघळ जाताना कळला.

"अगं, तू फोन केला होतास," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी सांगितलं नव्हतं का तुला?"

"तुम्ही म्हणालात, पाठवतोय."

"तेच ते."

"तेच नाही. पाठवतोय म्हणजे पाठवला नाही."

"प्रतिमा, अण्णांचा प्रश्न आहे गं."

"म्हणूनच." त्यांनी आवाज खाली आणला नाही. "अण्णांच्या नावावर मी खोटी शपथ घेऊ? तुम्ही पाठवला असेल. नसेलही. तो फोटो दिल्लीलाही पटला नाही. मला काय माहीत? मागच्या वेळीसुद्धा मला काय माहीत होतं?"

टंकलेखकाला मराठी येत नव्हतं, पण त्याने यंत्रावरची बोटं काढून घेतली. रस्तोगीजी कडुनिंबाकडे पाहू लागले. भास्कररावांना वाटलं, आपण इथल्या इथे जमिनीत गेलो तर बरं; पण जमीन मे महिन्यातली, दगडासारखी होती.

अखेर प्रतिमाताईंनी लिहून दिलं ते एवढंच: 'मेरे पति ने फ़ोन पर कहा कि भेज रहा हूँ.' दिल्लीने ते तासाभरात परत केलं. त्यातून पाठवण्याचा इरादा सिद्ध होतो, पाठवणं सिद्ध होत नाही.

प्रतिमाताईंना घरी सोडून भास्करराव ऑफिसात आले ते साडेचार वाजता, आणि येऊन नुसते बसले. तळघरात कॉम्प्युटर विभाग होता. तिथला निगम पाणी प्यायला वर आला होता. त्याने विचारलं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

"अरे साहब! पहले क्यों नहीं आए?" निगमने बाटली खाली ठेवली. "हर मेल का लॉग रहता है हमारे पास. यहाँ से कितने बजे निकला, वहाँ की मशीन ने कितने बजे लिया, सेकंड तक लिखा रहता है. उसे कोई काट नहीं सकता."

भास्करराव उभे राहिले. "मग काढ ना! मतलब, निकालो!"

"फ़ॉर्म भरना पड़ेगा. बड़े साहब के दस्तख़त लगेंगे." मग निगमने कपाळावर आठी आणली. "मेल कब का है?"

"सत्ताईस फ़रवरी."

निगमने बोटांवर मोजलं. एकदा, मग परत एकदा. "लॉग नब्बे दिन रहता है, साहब. एक-एक लाइन अपने टाइम पे अपने आप मिट जाती है. आपकी वाली कल मिटेगी. मेल कितने बजे भेजा था?"

"चार एकेचाळीस," भास्करराव म्हणाले. हिंदीत सांगायचं ते विसरले, पण निगमला कळलं.

बडे साहेब दोन दिवसांच्या तपासणीसाठी तेलीबागच्या कार्यालयात गेले होते. गुरुवारी सकाळी दहाला भास्करराव फॉर्म घेऊन स्कूटरवरून तिथे पोचले. साहेब बंद दाराआड होते. अकरा वाजले, बारा वाजले. जेवणासाठी दार उघडेल म्हणून ते उभे राहिले, तर जेवणच आत गेलं. दीड वाजता त्यांनी चिठ्ठी पाठवली. 'प्रतीक्षा करें' असं तिच्यावरच लिहून आलं. प्रतीक्षा तर ते अकरा वर्षं करत होते! पावणेतीनला त्यांच्या सभ्य, सरकारी देहात काहीतरी तुटलं. त्यांनी दार ढकललं आणि सगळ्या तपासणी पथकासमोर उभे राहून म्हणाले, "सर, दो घंटे में मेरा सबूत मिट जाएगा."

साहेबांनी वर पाहिलं. उपव्यवस्थापक मेहेंदळे कधी आवाज चढवत नाहीत हे त्यांना माहीत होतं. काही न विचारता त्यांनी सही केली.

बाहेर भाजणारी लू चालली होती. रायबरेली रोडवर एक ट्रक आडवा झाला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शहर थांबलं होतं. भास्कररावांनी फॉर्म शर्टाच्या आत घातला, घामाने सही फुटेल म्हणून परत बाहेर काढला, दातांत धरला, आणि फूटपाथवरून स्कूटर नेली. सत्तावन्न वर्षांत त्यांनी सिग्नलही मोडला नव्हता. एका हवालदाराने शिट्टी मारली. भास्कररावांनी दातांतल्या सरकारी कागदाकडे बोट केलं आणि पुढे गेले.

चार वाजून बारा मिनिटांनी ते तळघरात उतरले. निगम जागेवर नव्हता. चार अठराला आला, समोसा संपवत. चार एकवीसला वीज गेली.

अंधारात दोघं एकमेकांच्या श्वासाचा आवाज ऐकत उभे राहिले.

"जनरेटर आएगा," निगम म्हणाला.

चार एकोणतीसला जनरेटर आला. मशीन सुरू व्हायला सहा मिनिटं लागली. पासवर्ड एकदा चुकला. चार सदतीस. निगमने सवयीने मेहंदीलाल नावाने शोधलं. काही नाही. "नाव चुकलं! एम... ई... एच... ई..." भास्करराव एकेक अक्षर ओरडून सांगू लागले, जणू निगम नदीच्या पलीकडे उभा होता. चार एकोणचाळीस. पडद्यावर ओळी सरसर वर जाऊ लागल्या आणि एकीवर निगमचं बोट थांबलं.

"ये रही."

निघाला चार एकेचाळीस आणि सात सेकंद. दिल्लीच्या मशीनने घेतला चार एकेचाळीस आणि नऊ सेकंद.

निगमने छापायची आज्ञा दिली. प्रिंटर घरघरला आणि थांबला. लाल दिवा लागला: कागद नाही. भास्कररावांनी हातातला फॉर्म उलटा करून, साहेबांची सही खाली करून, आत सारला. प्रिंटर परत घरघरला. पडद्याच्या कोपऱ्यात चार चाळीसचे चार एकेचाळीस झाले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती ओळ नाहीशी झाली. खालची ओळ शांतपणे वर सरकली.

मग प्रिंटरमधून कागद बाहेर आला. गरम होता. ओळ त्यावर होती.

चार अठ्ठेचाळीसला कागदाची प्रत दिल्लीला गेली. चार एकोणपन्नासला भास्कररावांनी फोन लावला.

"मॅडम, आया?"

"नहीं, भास्कर जी."

चार बावन्न. "अब आया?"

"देख रही हूँ... हाँ. आया." मग गोडवा जरा कमी झालेला आवाज: "ये तो हमारी मशीन ने लिया है."

"जी."

"तो फिर गया कहाँ?"

हा प्रश्न भास्कररावांना चार दिवसांत पहिल्यांदाच दुसऱ्या कोणीतरी विचारला होता. पलीकडे खुर्च्या सरकल्या, कोणाला तरी बोलावणं गेलं. चार अठ्ठावन्नला मॅडम परत फोनवर आल्या. संशयास्पद मेल आपोआप बाजूला टाकणारी एक पेटी होती, आणि ती सुरू झाल्यापासून कोणी उघडलेली नव्हती. 'नम्र विनंती, शेवटची संधी, कृपया त्वरित' असं काही विषयात दिसलं की यंत्राला ते लॉटरीवाले ठग वाटत. सरकारी नोकराची सगळी नम्रता त्या पेटीत जाऊन पडली होती.

"आपका मिल गया, भास्कर जी," मॅडम म्हणाल्या. "और... चालीस और हैं."

संध्याकाळी भास्कररावांनी तो कागद प्रतिमाताईंच्या हातात दिला. प्रतिमाताईंनी चष्मा लावला. ओळ इंग्रजीत होती, निम्मी आकड्यांत. त्यांनी ती बोट ठेवून वाचली.

"मी फोन केला तो साडेचारनंतरच," त्या म्हणाल्या. "अण्णांची दुपारची झोप झाल्यावर. म्हणजे मी ठेवला आणि तुम्ही लगेच पाठवलात."

"हो."

त्यांनी कागद घडी न करता, सपाट, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. "काल मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं," त्या कपाटाकडे तोंड करून म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी भास्कररावांच्या ताटात न विचारता जास्तीचं तूप वाढलं. दोन वर्षांत प्रथमच त्या टेबलावर दोघंच जेवले.

अंतिम यादी पुढच्या बुधवारी आली. नवे एकेचाळीस अर्ज मिळवून, क्रम लावून. भास्कररावांनी या वेळी ती एकदाच वाचली. सांगलीला एकच जागा होती, आणि ती शर्मिष्ठा कोल्हटकर, गुवाहाटी, यांना मिळाली होती. भास्कर मेहेंदळे: सोलापूर, अर्जातली दुसरी पसंती.

विभा मॅडमनी स्वतः फोन केला. शर्मिष्ठाबाईंच्या मुलीवर मिरजेला उपचार सुरू होते. अशा अर्जांना पहिला मान असतो. त्यांचाही अर्ज त्याच पेटीत होता. "आपने सबूत न दिया होता, तो उनका भी न मिलता," मॅडम म्हणाल्या, आणि या वेळी आवाजातला गोडवा खरा होता.

भास्कररावांनी फोन ठेवला. ज्या एका ओळीसाठी त्यांनी कॉम्प्युटर चौथ्या मजल्यावर नेला, बायकोला शपथेवर उभं केलं, हवालदाराची शिट्टी ओलांडली, त्या ओळीने सांगली दुसऱ्याला दिली होती. रागावायचं तर कोणावर? आजारी मुलीवर तर रागावता येत नाही. त्यांनी प्रयत्न करून पाहिला.

घरी जाताना त्यांच्या मनात आलं, आज नको, उद्या सांगू. विकासनगरचा चौक येईपर्यंत त्यांनी ते मनातून काढून टाकलं. दारातच, चपला काढायच्या आधी, त्यांनी सगळं सांगितलं. सांगली, सोलापूर, गुवाहाटीच्या बाई, मिरजेचं हॉस्पिटल.

प्रतिमाताई भेंडी चिरत होत्या. सुरी थांबली.

"सोलापूरहून सांगली किती?" त्यांनी विचारलं.

"चार-साडेचार तास. शनिवार-रविवार जाता येईल. पण रोज..."

"रोज नाही." त्यांनी दोन भेंड्या चिरल्या. तिसरी हातातच राहिली. "त्या बाई मुलीला घेऊन एकट्याच येणार?"

"असं मॅडम म्हणाल्या."

"आणि सांगलीत घर?"

"ते मला काय माहीत?"

"अण्णांच्या खालचा फ्लॅट गेल्या महिन्यात रिकामा झालाय. हवेशीर आहे, मिरजेची बस समोरून जाते." त्या उठल्या, हात धुतले, पदराला पुसले. "त्यांना घर मिळेल. आणि जाता-येता वर डोकावून कोणी विचारणारं असेल, बटण बंद केलं का म्हणून."

भास्कररावांनी चपला काढल्या. चार दिवसांची धावपळ करून त्यांना जे जमलं नव्हतं, ते या बाईने पावशेर भेंडीत जमवलं होतं.

"छान," ते म्हणाले. "उद्या ऑफिसातून त्यांना मेल करतो."

"मेल नको," प्रतिमाताई म्हणाल्या. "फोन करा. आत्ता. आणि माझ्यासमोर करा."